बाबांच्या दगडावर काय कोरायचं?

खाडीकाठ

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचितच. आज घाई आहे म्हणून धागा काढते आहे.

माझे बाबा सतरा दिवसांपूर्वी दिमोनात गेले. ८२ वर्षांचे होते. दिमोना म्हणजे इस्राएलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेलं गाव. आमच्याकडे तिसाव्या दिवशी कबरीवर दगड बसवतात. म्हणजे माझ्या हाती तेरा दिवस उरलेत आणि दगडावर काय लिहायचं यावर माझं आणि दादाचं अजून जमलेलं नाही.

ज्यांना आमच्याबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं आमच्यात आजीपणजीपासून सांगत आलेत. आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. आडनावं गावांवरून पडली: केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. आमचंही तसंच, पेण तालुक्यातल्या एका गावाचं. ते इथे लिहीत नाही.

बाबा १९६२ मध्ये इस्राएलला आले, एकोणीस वर्षांचे. त्याच वर्षी लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या होत्या, की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी जमातीबाहेर लग्न करत असेल तर त्यांच्या आईची, आजीची, त्याच्याही मागची चौकशी करा. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला असं मानणाऱ्या लोकांना विचारत होते, तुम्ही नक्की ज्यू का? १९६४ मध्ये आमची माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. बाबा त्यांच्यात होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत.

दादाचा जन्म १९६८ चा, दिमोनातला. माझा १९७३ चा, ठाण्यातला. आई बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दादा बाबांजवळ, आत्याकडे राहिला होता. त्या ऑक्टोबरात तिकडे युद्ध पेटलं, आईचं परतणं लांबलं, आणि मी सात महिन्यांची असताना ती तापाने गेली. आजीने मला हातचं सोडलं नाही. मी ठाण्यात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. आजी गेल्यावर, १९८९ मध्ये, सोळाव्या वर्षी मी दिमोनाला उतरले तेव्हा बाबांना मी आठवणीतून ओळखणं शक्यच नव्हतं. दादाशी बोलायला आम्हा दोघांकडे एकही भाषा नव्हती. त्याला मराठी येत नव्हतं, मला हिब्रूतून फक्त प्रार्थना म्हणता येत होत्या.

आता मुद्दा. दादा आठ वर्षांचा असताना बाबांनी आडनाव बदलून हिब्रू आडनाव घेतलं. कारण ऐका. हिब्रूत ‘कर’ या शब्दाचा अर्थ ‘थंड’. आमचं आडनाव हिब्रूत लिहिलं की शेवटी ‘थंड’ असंच वाचलं जायचं. शाळेत मुलं दादाला पाहून हात चोळायची, कुडकुडायची. रंगावरून तर बोलायचीच. एक दिवस तो शाळेत जाईना. बाबा गिरणीतून अर्धा दिवस सुट्टी काढून कचेरीत गेले आणि नाव बदलून आले.

दादाचं म्हणणं: दगडावर सगळं हिब्रूत, आणि आडनाव तेच, जे बाबांनी स्वतः घेतलं. तो मला म्हणाला, “बाबा एकवीस वर्षांचे असताना रस्त्यावर कशासाठी बसले? आपल्या नावापुढे कुणी वेगळं काही लिहू नये म्हणून. आणि तू तेच दगडावर कोरणार?”

मला गावाचं आडनाव हवंय, देवनागरीत. का, ते सांगते. शेवटच्या आठवड्यात बाबांची हिब्रू गेली. साठ वर्षं बोललेली भाषा चार दिवसांत निघून गेली आणि खाली मराठी उरलं. मी अश्दोदला राहते, दादा त्यांच्याजवळ. रात्री दोन वाजता त्याने मला फोन केला आणि फोन बाबांच्या तोंडाशी धरला. “काय म्हणतायत सांग. दुखतंय का कुठे?” मी ऐकलं. बाबा विचारत होते, “वाल भिजत घातले का?”

बिरड्याचा रोजा आम्ही पाळतो. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास, हिब्रूत त्याचं नाव वेगळं आहे, आमच्यात बिरड्याचा. त्याच्यासाठी वाल भिजत घालावे लागतात. मी दादाला सांगितलं, दुखत नाहीये, वालाचं विचारतायत. दादा फोनवर काही बोलला नाही. मी बाबांना म्हटलं, “घातले, बाबा.” मग ते झोपले.

तुमच्यापैकी कुणी असं काही ठरवलं असेल तर सांगा. दोन्हीकडची बाजू सांगा.

रेवदंडा_बंदर

ताई, वडिलांच्या आत्म्याला शांती लाभो. मी अलिबागचा, निवृत्त शिक्षक. आमच्या गावातली इस्राएल आळी मला लहानपणापासून पाठ आहे. तुमचं प्रार्थनामंदिर, मागेन आबोथ, १८४८ चं. आजची इमारत १९१० ची. आमची आजी त्याला मशीदच म्हणायची, आणि तुमच्यातली म्हातारी माणसंही तेच म्हणायची. मला आठवतंय, शेजारच्या घरून मलिद्याचं ताट यायचं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबीचा नवस फेडला की यायचंच. आम्हाला तो देव कोण ते ठाऊक नव्हतं, पण ताट रिकामं परत करायचं नाही एवढं ठाऊक होतं.

दगडांचं म्हणाल तर इकडच्या तुमच्या दफनभूमींत मराठी दगड कितीतरी आहेत. वर हिब्रू, खाली मराठी. दर हिवाळ्यात तिकडून कुटुंबं येतात. बरोबर तरुण मुलं असतात, हातात आजोबांच्या घराचा पत्ता लिहिलेला कागद. घर बहुधा सापडत नाही, पाडून इमारत झालेली असते. मग कबरी शोधतात. मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांचे आईवडील अडखळतात. दोन-तीनदा मी वाचून दाखवलंय. ‘कैलासवासी’ नसतं, पण ‘यांचे स्मरणार्थ मुलगे व सुना’ वगैरे असतं अगदी आपल्यासारखं. मी वाचतो, ती मुलं मोबाइलवर माझा आवाज टिपून घेतात.

तुमच्या बाबांच्या दगडापाशी दिमोनात कोण वाचून दाखवणार, हा विचार मनात आला तो लिहिला. नका कोरू असं म्हणत नाही.

सह्यकडा

ताई, दगडावर मराठीच हवं! मी न्यू जर्सीत पंचवीस वर्षं आहे. आपण आपली ओळख जपली नाही तर कोण जपणार? वाळवंटात मराठी अक्षरं उभी राहतील याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटेल. भावाला समजावा. तो आपल्या मुळांपासून तुटलाय.

खाडीकाठ

@रेवदंडा_बंदर काका, मलिद्याचं वाचून रडू आलं. तुमचा प्रश्न मलाही पडलाय.

@सह्यकडा, तुमची भावना कळते, पण दादाला ‘तुटलेला’ म्हणू नका. अठरा वर्षं तो वडिलांच्या एका खोलीच्या घरात वडिलांबरोबर राहिलाय. मी नव्हते. आणि अभिमानासाठी मला काहीच कोरायचं नाही. ‘आम्ही मराठी’ असं बाबा कधी म्हणाले नाहीत. ते हिशेब मराठीत करायचे, शिंकल्यावर ‘आई गं’ म्हणायचे, आणि ज्यू म्हणून जगले, ज्यू म्हणून गेले. मराठी माणसाला काय वाटेल याचा त्या दगडाशी संबंध नाही. हे रागाने लिहीत नाहीये, खरंच.

निळा_पारवा

मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे.

आमचं मूळ आडनाव असं होतं की ऐकल्याबरोबर जात कळायची. माझ्या वडिलांना नोकरीच्या पहिल्या गावात त्या आडनावामुळे भाड्याने खोली मिळाली नाही. एका घरमालकिणीने पाणी दिलं, तेही वरून. त्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतलं आणि गावाचं नाव लावलं, पुढे ‘कर’. गंमत बघा, किंवा गंमत नाहीच: तुमच्या घरी ज्या ‘कर’ने मुलगा ओळखू यायचा, आमच्या घरी त्याच ‘कर’ने मुलगा झाकला गेला.

वडील गेल्यावर काकांनी हट्ट धरला की पत्रिकेवर जुनं आडनाव कंसात टाका, आपली माणसं ओळखतील. आई म्हणाली, “त्यांनी ते काढायला काय काय केलं ते मी बघितलंय. मी परत लावू देणार नाही.” आम्ही लावलं नाही.

नाव बदलणं म्हणजे लाज वाटली असं लोक धरून चालतात. माझे वडील आपल्या वस्तीत दर रविवारी जायचे, मुलांना गणित शिकवायचे. लाज नव्हती. मुलाला शाळेत बसता यावं एवढंच होतं. तुमच्या वडिलांनी अर्धा दिवस सुट्टी काढून जे केलं, ते फार मोठं काम होतं, ताई. दगडावर तेच असावं.

खाडीकाठ

हे वाचून मी दोन तास काही लिहू शकले नाही. ही बाजू मला कुणी अशी दाखवली नव्हती. दादालाही मी ती हिब्रूत करून वाचून दाखवली. तो म्हणाला, “या माणसाला माझा नमस्कार सांग.” सांगते आहे.

कावेरीतीर

मी तंजावरची मराठी. जन्म कुंभकोणमचा, सध्या चेन्नईत. माझं मराठी कच्चं वाटलं तर सांभाळून घ्या. कॉलेजला पुण्यात होते तेव्हा ‘लिहायचं’ मराठी शिकले.

आमची कथा तुमच्यापेक्षा अलीकडची. व्यंकोजीराजे तंजावरला आले ते १६७० च्या दशकात. त्यांच्यामागोमाग कारकून, पुजारी, कीर्तनकार, स्वयंपाकी आले. राज्य १८५५ मध्ये संपलं, माणसं तिथेच राहिली. तमिळ लोक आम्हाला ‘रायर’ म्हणतात. पुण्यात माझ्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, तू मराठी बोलतेस की तमिळ? मी ‘पाऊस येते’ म्हटलं की हसायच्या. आमच्याकडे तीनशे वर्षं जे मराठी बोलतात ते तिथे कुणाला मराठी वाटत नव्हतं. चेन्नईत परत आले तर शेजारीण कौतुकाने म्हणाली, तुम्ही लोक तमिळ किती शुद्ध बोलता! मी म्हटलं, मामी, माझ्या खापरपणज्याचा खापरपणजासुद्धा इथलाच.

दगडाबद्दल बोलायचं म्हणून लिहायला बसले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. फार मोठा लेख आहे. मी लहानपणी आजोबांचा हात धरून त्या भिंतीसमोर उभी राहायचे. आजोबा मराठी बोलायचे, मराठीत रागवायचे, तुकोबांचे अभंग म्हणायचे, पण भिंतीवरचं त्यांना वाचता यायचं नाही. त्यांनी सगळं आयुष्य मराठी तमिळ अक्षरांत लिहिलं. दुकानाची वही, आजीला पत्रं, अभंगांची वहीसुद्धा. आमच्या घरी अजून आहे. वरून तमिळ दिसतं, वाचायला लागलं की मराठी ऐकू येतं.

म्हणून विचारते. तुमच्या दादांना, त्यांच्या मुलांना देवनागरी येत नाही. मग मराठीच हिब्रू अक्षरांत का नाही कोरत? भाचरं निदान उच्चार तरी करतील. लिपीत काय आहे, आवाज राहिला पाहिजे.

खाडीकाठ

@कावेरीतीर, आजोबांच्या वहीचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

तुमची सूचना मी काल रात्री करून पाहिली. कागदावर हिब्रूत लिहिलं. पहिली अडचण ‘ळ’ची. गावाच्या नावात ‘ळ’ आहे आणि हिब्रूत तो नाही, ‘ल’ लिहावा लागतो, मग गावच बदलतं. दुसरी अडचण तुम्हाला लक्षात आली असेल. शेवटी पुन्हा ‘थंड’. ज्या दोन अक्षरांपायी बाबा कचेरीत गेले तीच अक्षरं त्यांच्या उशाशी. ते मी करू शकत नाही.

देवनागरीत ‘कर’ला कसलाच अर्थ नाही, म्हणजे ‘तिथला’ एवढाच आहे. हे मला कालपर्यंत सुचलं नव्हतं.

तुमच्या ‘शुद्ध तमिळ’वरून आठवलं. इस्राएलमध्ये आम्हाला होदी म्हणतात, भारतातले. भारताला हिब्रूत ‘होदू’. आणि प्रार्थनेत एक शब्द आहे, ‘आभार माना’ असा. तोही ‘होदू’, अक्षर न् अक्षर तसाच. ‘होदू लादोनाय की तोव’, देवाचे आभार माना, तो चांगला आहे. बाबा हा भाग आला की आवाज चढवायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर प्रार्थनेला गेले, हिब्रू तर नवीनच होती, तेव्हा मला वाटलं ते ठाण्याच्या दिशेने हाक मारतायत.

सह्यकडा

ताई, मी काल जे लिहिलं ते घाईचं होतं. माफ करा. माझी मुलगी परवा म्हणाली, बाबा, तुम्ही ज्या पुण्याबद्दल बोलता ते आजीलाही माहीत नाहीये. त्यावर अजून विचार करतोय.

ओसरी

खाडीकाठ, शालोम. मी ठाण्याचीच, बेने इस्राएल. आमचं कुटुंब गेलं नाही. तू ज्या मराठी शाळेत होतीस बहुतेक तिथेच मी तुझ्या दोन वर्षं पुढे होते. तुझी आजी चिकाचा हलवा करायची ना, नारळाच्या दुधातला, नव्याच्या सणाला? असेल तर आपण शेजारी होतो.

जे गेले त्यांच्या कथा सगळे लिहितात. राहिलेल्यांचं मी सांगते. १९४८ च्या सुमारास आम्ही इथे वीस हजारांच्या घरात होतो, आता काही हजार. ठाण्याचं प्रार्थनामंदिर १८७९ चं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला पूर्वी आळीत हाक मारली की पुरायची, आता फोन करावे लागतात. माझं नाव ऐकून लोक विचारतात, ख्रिश्चन का? नाही म्हटलं की, मग पारशी? आणि मग ठरलेलं वाक्य: “पण मराठी किती छान बोलता हो!” पन्नास वर्षं मी हे ऐकते आहे, त्याच शहरात, जिथे माझ्या आजोबांनी म्युनिसिपालिटीत नोकरी केली. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. माझ्या वडिलांना फार आनंद झाला होता. कागदावर आपलं नाव स्वतंत्र आलं, आता कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, म्हणाले. सांगावं लागतंच.

मला वाटतं तुम्ही भावंडं दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच सुटत नाहीये. दर्शनी दगड बाबांनी घेतलेल्या नावाचा असू दे. तो त्यांचा निर्णय होता, निळा_पारवा म्हणतात ते मला पटलं. पण तुमच्याकडे आडवा चिरा असतो ना? त्याच्या पायाकडच्या बाजूला जागा असते. तिथे लहान अक्षरांत गाव येऊ दे. आडनाव म्हणून नको, पत्ता म्हणून.

आणि एक विचारते. बाबा स्वतः आपलं नाव कसं लिहायचे? इकडून गेले तेव्हा कशावर तरी लिहिलं असेल.

खाडीकाठ

ओसरी, चिकाचा हलवा आजीच. खालच्या मजल्यावरची तू? तुला खाजगीत लिहिते.

तुझा शेवटचा प्रश्न वाचून मी दादाला फोन केला. बाबांच्या सामानात त्यांच्या हाताचं मराठी काही आहे का, विचारलं. तो म्हणाला, कागद काहीच नाहीत. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गॅरेजमधल्या पेटीवर काहीतरी रंगवलेलं आहे.”

बाबा १९६२ मध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. हिरवी. दादा चाळीस वर्षं त्यात पाने आणि स्क्रू ठेवतो. त्याने फोटो पाठवला. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, मुंबईच्या कुठल्यातरी पेंटरने काढलेली अक्षरं: बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव, आणि खाली ‘मु. …, ता. पेण, जी. कुलाबा’.

कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. मी शाळेत दोन्ही नावं शिकले, आधी एक, मग दुसरं. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटायचं ते पेटी बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे.

मी त्याला फोनवर एकेक शब्द वाचून दाखवला. आजोबांचं नाव आलं तेव्हा तो म्हणाला, “थांब, परत.”

तो पायाकडच्या बाजूला तयार आहे. म्हणाला, “जसं पेटीवर आहे तसं. तू नवीन काही लिहू नकोस.”

आता नवी अडचण. इथल्या पाथरवटाला देवनागरी माहीत नाही. मी फोनवरून टाइप करून पाठवलं तर त्याच्या यंत्रावर वेलांट्या अक्षर सोडून पलीकडे गेल्या आणि शिरोरेषा मध्येच तुटली. सात दिवस राहिलेत.

खिळामुद्रा

मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करतो. घाबरू नका, हे रोजचं दुखणं आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी कळत नाही, त्यामुळे ते प्रत्येक चिन्ह सुटं मांडतं. त्यांना मजकूर पाठवूच नका. मी फोटोवरून अक्षरांच्या बाह्यरेषा काढून देतो. ते चित्र म्हणून जाईल, यंत्र त्याला अक्षर समजणारच नाही, जसंच्या तसं कापेल. फोटो समोरून, उजेडात, शक्य तितका मोठा पाठवा आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. दगड कुठला आहे? चुनखडी असेल तर अक्षराची जाडी थोडी वाढवावी लागेल, ‘ण’ आणि ‘ळ’ मधली पोकळी भरून जाते.

पेंटरचा हात छान होता. ब्रश एकदाच टेकवून काढलेली वळणं आहेत, दुरुस्त्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं. ‘जी. कुलाबा’ असं दीर्घ लिहिलंय. ‘जि.’ हवं. करू का दुरुस्त?

रेवदंडा_बंदर

शिक्षक म्हणून सांगतो, ‘जि.’च बरोबर. कायमचा दगड आहे, शुद्ध असू द्या.

कावेरीतीर

दुरुस्त करू नका, प्लीज.

खाडीकाठ

@खिळामुद्रा, दादाने फोटो काढलाय, फूटपट्टीसकट. पाठवला आहे. दगड इथलाच, पिवळसर चुनखडीचा.

काका, तुमचं बरोबर आहे आणि शाळेत मी ही चूक केली असती तर छडी खाल्ली असती. पण दीर्घच राहू दे. एकोणीस वर्षांचे बाबा बोटीवर चढताना ती पेटी त्यांच्या हातात होती. चूक असेल तर त्यांच्याबरोबर आलेली आहे.

खाडीकाठ

परवा तिसावा दिवस झाला. वेळ लागला लिहायला.

दगड बसला. दर्शनी बाजूला हिब्रू: बाबांचं नाव, त्यांनी घेतलेलं आडनाव, तारखा. खाली ती पाच अक्षरं, जी आमच्या प्रत्येक दगडावर असतात. त्यांचा अर्थ असा की याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. पायाकडच्या बाजूला, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसणार नाही इतकं खाली, पेटीवरच्या तीन ओळी. खिळामुद्रा, अक्षरं तंतोतंत उतरली. ‘ळ’ची पोकळी उघडी राहिली. पाथरवटाने पैसे घेताना विचारलं की वरची आडवी रेघ ओळ सरळ राहावी म्हणून आखलेली होती का, मी चुकून तीही कापली. मी म्हटलं, नाही, ती हवीच.

प्रार्थनेला दिमोनातली आमची बरीच माणसं आली होती. मी घरून मलिदा नेला होता. निघताना सगळ्यांनी दगडावर खडे ठेवले. एक म्हाताऱ्या बाई, बाबांबरोबर गिरणीत होत्या, खाली वाकल्या, जोडाक्षरं लावत लावत मोठ्याने वाचू लागल्या. कुलाब्यापाशी थांबल्या. “आमचा पण कुलाबाच,” म्हणाल्या.

काका, तुम्ही विचारलं होतं ना, कोण वाचून दाखवणार.

सगळे गेल्यावर दादा खाली बसला. त्याने विचारलं, यात ‘कर’ कुठलं? मी दाखवलं. त्याने त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. “इथेही दोनच?” म्हणाला. मी म्हटलं, दोनच. मग त्याच्या धाकट्या मुलीने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, आत्या, सगळं एकदा वाच, मी रेकॉर्ड करते.